खिशातला दाखला

लिफ्ट नेमकी त्याच दिवशी बंद पडली. साळव्यांच्या घरी काही कार्य निघालं की मरोळच्या त्या पुनर्वसनाच्या बिल्डिंगची लिफ्ट रुसून बसायची, हे आता सातव्या मजल्याने मान्यच करून टाकलं होतं. गंमत म्हणजे सातव्या मजल्यावरचा धम्मपाल साळवे स्वतः लिफ्टचा मेकॅनिक. अंधेरीतल्या निम्म्या लिफ्टा त्याच्या एका थापेवर चालू व्हायच्या आणि स्वतःच्या बिल्डिंगची मात्र त्याला भीक घालत नव्हती.

"पप्पा, घरचीच ऐकत नाही ना तुमचं?" तेजल जिन्याच्या कठड्यावरून खाली ओरडली.

"घरच्या दोघी ऐकत नाहीत," पाचव्या मजल्यावरून पप्पांचा आवाज आला. "एक चालू होत नाही, एक बंद होत नाही!"

तेजल बंद होत नव्हती, हे खरंच होतं. गेल्या महिन्यात वादविवाद स्पर्धेत बावीस कॉलेजांमधून पहिली आल्यापासून ती मीठ मागायचं तरी माइकसमोर उभी असल्यासारखी मागायची. बारावीचं वर्ष चालू होतं आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, दिल्लीतलं ते कायद्याचं विद्यापीठ. जागा एकशे वीस, फॉर्म भरणारी पोरं पन्नास हजारांच्या वर.

"मुंबईत कालेजं नाहीत का गं?" आजीने विचारलं होतं.

"आहेत ना. पण तिथून वकील होऊन आलेल्या माणसाला कोर्टात कुणी विचारत नाही, तुम्ही कोण म्हणून."

या वाक्यावर ती स्वतःच इतकी खूश झाली की फॉर्मबरोबरच्या निबंधात तिने ते पहिल्याच ओळीत घातलं.

फॉर्मची मुदत मंगळवारी संध्याकाळी पाचला संपत होती. सगळं भरून झालं होतं. राहिला होता एक चौकोन, जातीच्या दाखल्याचा. दाखला हातात नसेल तर निदान सेतू केंद्राची पावती तरी जोडा, असं तिथे लिहिलं होतं. त्या एका चौकोनापाशी घर चार दिवस अडून बसलं होतं.

अडलं होतं ते आजोबांच्या एका रेघेमुळे. रतन साळव्यांनी आपल्या तिन्ही पोरांना शाळेत घातलं, तेव्हा मास्तरांपुढे ताठ उभं राहून सांगितलं होतं, "धर्म लिहा बौद्ध. जातीपुढे रेघ मारा. ती आम्ही सोडली." मास्तरांनी रेघ मारली. धम्मपालच्या शाळेच्या दाखल्यावर ती निळ्या शाईची आडवी रेघ अजून ठसठशीत होती आणि साळव्यांच्या घरात ती पदकासारखी मिरवली गेली होती. तेजलने तर त्यावर एकदा सबंध भाषण केलं होतं. पण सेतू केंद्रातल्या बाईंनी त्याच रेघेवर पेनाचं टोक ठेवलं. "इथे जात कुठे आहे? रेघेवर दाखला मिळत नाही, बाळा. आजोबांचा स्वतःचा जुना कागद आण. त्यावर लिहिलेली असेल."

लिहिलेली होतीच. आजोबांच्या गावच्या शाळेने, साल एकोणीसशे त्रेसष्ट, स्पष्ट लिहिलं होतं, जात महार. आजोबांना तो शब्द सोडायचा होता आणि तो कागद मात्र सोडता येत नव्हता, कारण त्याच्यावरच त्यांना पोस्टात नोकरी लागली होती. त्यांनी त्याला प्लास्टिकमध्ये बसवून घेतलं आणि शर्टाच्या डाव्या खिशात ठेवलं. बँकेत जाताना तो खिशात असे, दवाखान्यात जाताना असे, अगदी लग्नाला जातानाही असे. आणि आता तो सापडत नव्हता. ट्रंक झाली, माळा झाला, एक्स-रेची पिशवी झाली. गावच्या शाळेचं जुनं रजिस्टर कधीच पुरात वाहून गेलं होतं, असं हेडमास्तरांनी फोनवर सांगितलं.

"मी सांगते ना, मुलुंडला आहे तो," शीतल आत्या सात मजले चढून आली ती धापा टाकतच बोलत आली. घाटकोपरच्या एका दवाखान्यात ती सिस्टर होती. माणसं मरताना पाहून पाहून तिची जीभ धारदार झाली होती. "दादाने बँकेत लागताना नेला, तो परत दिलाच नाही."

"दिला होता," पप्पा हाताला लागलेलं ग्रीस पुसत म्हणाले. "शेवटपर्यंत बाबांच्या खिशात होता. मी बघितलाय."

"मग हॉस्पिटलातनं बाबांचं सामान कोणी ताब्यात घेतलं? दादानेच ना? तू त्याची बाजू घेऊ नकोस, धम्मा. त्याने कधी घेतलीय तुझी?"

पप्पा ग्रीस निघालेली बोटंही पुसत राहिले. मम्मीने तेजलला डोळ्यांनीच दटावलं, मध्ये पडू नको म्हणून. आजी ओट्याशी खीर ढवळत होती. गॅस केव्हाच बंद झाला होता, तरी ढवळत होती.

आज आजोबांना जाऊन वर्ष झालं होतं.

मुलुंडचे मोठे पप्पा, म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ कुंडलिक, पावणेअकराला आले. बाकीचे सगळे पांढऱ्या कपड्यांत आणि ते निळ्या चौकड्यांच्या शर्टात. आल्या आल्या बाथरूममध्ये गेले, पिशवीतून पांढरा सदरा काढून घालून बाहेर आले. दार लागलेलं आहे ना, हे त्यांनी एकदा मान वळवून पाहिलं.

"जय भीम," मग ते म्हणाले, हळू.

तेजलला ते सगळं माहीत होतं. दरवेळी तसंच व्हायचं. यंदा तिने ते पहिल्यांदा पाहिलं, एवढंच.

बौद्धाचार्य आले, मेणबत्त्या लागल्या. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंसमोर आजोबांचा फोटो, त्याला पांढऱ्या शेवंतीचा हार. त्रिसरण सुरू झालं. सगळ्यांत स्वच्छ आवाज मोठ्या पप्पांचा होता. लहानपणी आजोबा त्यांना खांद्यावर बसवून विहारात न्यायचे आणि वाटेत पाठ करून घ्यायचे, हे आजी नेहमी सांगायची. ते डोळे मिटून म्हणत होते आणि तेजलला वाटलं, या खोलीत हे सगळं मनापासून कोण म्हणतंय, तर हेच.

तेवढ्यात त्यांचा फोन थरथरला. ते गॅलरीत गेले. "हां, श्वेता... ऑफिसातच आहे गं बाळा. क्लोजिंग चाललंय."

रविवारी कसलं आलंय क्लोजिंग? तेजलने आत्याकडे पाहिलं. आत्याने छताकडे पाहिलं.

खीरदान झालं, शेजारपाजार जेवून गेला. घरात घरचीच माणसं उरली आणि पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. आजी फोटोसमोर भिंतीला टेकून बसली.

"तेजू, ते तुझं वकिलीचं कागद आण," ती म्हणाली. "त्यांच्यापुढं वाच. कुठवर आलंय, कळू दे त्यांना."

बस्स! तेजलला एवढंच हवं होतं. तिने फाइल उघडली. वरच एक फुलस्केप होता, पप्पांच्या अक्षरातला. सेतूसाठी वंशावळ लागते, ती त्यांनी काल लिहून ठेवली होती. प्रतिज्ञापत्राला जोडायची, घराण्यात कोणाला कोण झालं ते सगळं त्यात.

"अगं, ते राहू दे," पप्पा झटकन म्हणाले. "निबंध वाच, निबंध."

"थांबा ओ, क्रमाने घेऊ." ती उभी राहिली, पदर नसताना पदर सारखा केल्यासारखं तिने ओढणीला केलं आणि आवाज लावला. "वंशावळ! मूळ पुरुष, भागाजी साळवे. भागाजींचा मुलगा, रतन. रतन भागाजी साळवे यांना अपत्ये दोन. एक, धम्मपाल..."

"तीन," आजी म्हणाली.

पाढा चुकलेल्या पोराला सांगावं तसं, अगदी सहज.

"दोन, शीतल," तेजलने वाचलं. आवाज अर्ध्यातच खाली आला. कागदावर पुढे काही नव्हतं. धम्मपालच्या खाली एक उभी रेघ आणि तिच्या टोकाला ती स्वतः. बाकी कोरं.

"थोरला कुठंय?" आजीने विचारलं. "राहिला असंल लिहायचा. धम्मा, तू पहिल्यापासून असाच धांदरट. घाल मधी. जागा हाय ना?"

पप्पा पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. मम्मीने रिकाम्या वाट्या उचलल्या आणि आत गेली. मोठ्या पप्पांच्या हातात कागदी रुमाल होता, त्याची ते लहान लहान होत जाणारी घडी घालत होते.

"मीच सांगितलं त्याला, आई," ते म्हणाले. "माझं नाव नको घालू म्हणून."

आजीला ते कळायला वेळ लागला. तोवर आत्या उठलीच.

"वा! वा रे वा! आडनाव बदललंस, आम्ही गप्प बसलो. वडनेरकर झालास, गप्प बसलो. घरच्या कार्यांना आम्हाला बोलवलं नाहीस, तरी आईने शेजाऱ्यांना सांगितलं की थोरल्याची बदली झालीय. आता आईच्या पोटातनंच नाव काढलंस?"

"शीतल, हळू बोल."

"का? इथे कोण ऐकतंय तुझ्या सोसायटीतलं?"

"तुला काय माहीत सोसायटी!" मोठ्या पप्पांचा आवाज फाटला. तेजलने त्यांना इतकं मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "टेम्पो दारात उभा होता. गाद्या, कपाट, सगळं भरलेलं. श्वेताची आई सात महिन्यांची गरोदर, टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी बसलेली. किल्ली देणारा माणूस म्हणाला, साळवे म्हणजे कुठले तुम्ही? मी सांगितलं. बाबांसारखाच ताठ मानेने सांगितलं. तो म्हणाला, दहा मिनिटांत येतो. आलाच नाही. दुपारी तीन ते संध्याकाळी सात, त्या फुटपाथवर. तिला बाथरूमला जायचं होतं, शीतल. मी समोरच्या हॉटेलवाल्याच्या हातापाया पडलो." ते थांबले. "तेव्हा ठरवलं. माझ्या पोराला हा प्रश्न कोणी विचारणार नाही."



"श्वेताला सांगितलं आहे ना हे?" तेजलने विचारलं.

"श्वेताला काही माहीत नाही."

"म्हणजे? काय काय माहीत नाही?"

"काहीच."

तेजलला श्वेता आठवली, दोन-अडीच वर्षांची, याच घरात आजीच्या मांडीवर खीर खाणारी. नंतर ती आलीच नाही. नववीत असेल आता. गेल्या वर्षी तेजलने तिला इन्स्टावर शोधून 'ओळखलंस का' म्हणून विचारलं होतं. उत्तर आलं होतं, 'सॉरी, हू?' तेजलने त्यावर हसून मैत्रिणींना स्क्रीनशॉट दाखवला होता. आज तिला त्याची लाज वाटली, का ते नीट कळलं नाही.

"दादा म्हणाला, कागद बाबांच्या दाखल्यावर होतोय, मग माझं नाव कशाला," पप्पा खालच्या मानेनेच म्हणाले. "मला पटलं. कुणाचं वाईट होत नव्हतं त्यात. पण दाखलाच नाही आता."

"त्याच्याकडेच आहे तो!" आत्याने बोट दाखवलं.

"आईशप्पथ नाहीये माझ्याकडे! मी कशाला ठेवू? माझ्या घरात मी तो कागद ठेवीन का, तूच सांग!"

"मग फाडलास."

"शीतल!"

"कुणाकडं नाही तो," आजी म्हणाली.

ती फोटोकडे बघत होती.

"त्यांच्याकडंच हाय."

पंखा फिरत होता. खालून कुणीतरी लिफ्टचं दार आपटून बघत होतं.

"कपडे करताना मी घातला. पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात. तुम्ही सगळी बाहेर व्हता." आजी एकेक शब्द उचलून ठेवत होती. "मला ठावं हाय, वर कुणी नसतं. मीच सांगत आले ना बायांना, मेल्या माणसाच्या तोंडात काय घालू नका, खुळचटपणा हाय म्हणून? पण खिसा रिकामा दिसला गं मला. उभ्या जन्मात मी त्यांचा खिसा रिकामा बघितला न्हवता. कागद नसला की घाम फुटायचा त्यांना. साधं पोलिसाच्या पुढनं जायचं तरी हात खिशावर. मी म्हटलं, एवढं लांब निघालेत, कुणी आडवलं तर..."

तिने तोंडाला पदर लावला.

"चार दिस तुम्ही ट्रंका उपसताय, मी बघतीया. सांगायला तोंड हुईना. पोरीचा कागद जाळला मी."

आत्या, जी कुणाच्या रडण्याला कधी विरघळत नसे, ती आजीजवळ जाऊन बसली आणि तिने आजीचे पाय चेपायला घेतले. दुसरं काही सुचलं नसावं. पप्पा गॅलरीत गेले. तेजलच्या हातात अजून तो फुलस्केप होता, आणि तिला पहिल्यांदाच वाटलं की आपण तो इतक्या मोठ्याने वाचायला नको होता. वाचून झालेलं परत मिटवता येत नाही.

मग हळूहळू ज्याची त्याची नजर एकाच ठिकाणी गेली. बाबांच्या दाखल्यावर जातीचा दाखला काढलेला साळव्यांच्या घरात एकच माणूस होता. बँकेत लागताना काढलेला. तो जोडला की तेजलचं काम होत होतं. फक्त त्यासाठी वंशावळीत त्या माणसाचं नाव यायला हवं होतं, आधीचं आडनाव यायला हवं होतं, आणि त्याची सही.

आजीने तेवढं त्याच्याकडे पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नाही.

"मोठे पप्पा," तेजल म्हणाली. माइकवाला आवाज कुठे गेला कोण जाणे, हा लहानपणीचा निघाला. "तुमचा दाखला आहे ना अजून?"

मोठ्या पप्पांनी रुमालाची घडी खिशात टाकली. ते आजोबांच्या फोटोकडे वळले.

"आहे," ते म्हणाले. "बँकेच्या लॉकरमध्ये. उद्या अकराला, सेतूत. येतो मी."

जाताना त्यांनी बाथरूममध्ये कपडे बदलले. निळा चौकड्यांचा शर्ट घालून ते दारात आले, तेव्हा आजी म्हणाली, "खीर ने श्वेतीला." त्यांनी डबा घेतला. तो ते श्वेताला काय सांगून देणार होते, हे कुणी विचारलं नाही.

आणि ते आले! आत्याने पैज लावली होती, येणार नाही म्हणून. पण सोमवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना ते सेतू केंद्राच्या दारात उभे होते. दाढी केलेली, हातात लाल प्लास्टिकची फाइल. पप्पांना लिफ्टच्या ड्युटीवरून सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून तेजल एकटीच होती. त्यांना पाहून ती इतकी हरखली की धावत जाऊन फाइल हातातून घेतली.

"मोठे पप्पा, तुम्ही झकास आहात, माहितेय का तुम्हाला?"

ते हसले. "टोकन घेतलंस का वकीलसाहेब?"

टोकन चौतीस. बाकावर दोघं शेजारी बसले. त्यांनी विचारलं, दिल्लीत थंडी फार असते म्हणे, स्वेटर आहे का? तेजल म्हणाली, आधी परीक्षा तरी होऊ द्या. ते म्हणाले, होईल गं, तू बाबांवर गेलीस. हे म्हणताना त्यांचा हात नकळत डाव्या खिशावर गेला. तो रिकामा होता.

"चौतीस!"

काउंटरवर त्याच बाई होत्या. त्यांनी कागद चाळले, तेजलकडे बघून ओळखीचं हसल्या.

"मिळाला वाटतं कागद. छान. हे कोण?"

"माझे मोठे काका. त्यांच्या दाखल्यावर करायचं."

"बरं. नाव सांगा."

"कुंडलिक रतन वडनेरकर."

"दाखल्यावर तर वेगळं आहे. आडनाव बदललंय का? राजपत्र आणलंय? हां, आहे. मग प्रतिज्ञापत्रात दोन्ही लिहावी लागतील. आधीचं काय?" बाईंनी कीबोर्डवर बोटं ठेवली. "कागदांवर आहेच, पण प्रतिज्ञापत्रातलं नाव ज्याचं त्यानेच सांगायचं असतं. तुम्हीच बोला. आणि जरा मोठ्याने, या पंख्याच्या आवाजात मला ऐकू येत नाही."

मागे रांगेत दहा-बारा माणसं होती. कुणी मोबाइल बघत होतं, कुणी हातातल्या झेरॉक्सने वारा घेत होतं. एकही माणूस ऐकत नव्हता.

मोठ्या पप्पांनी तोंड उघडलं.

तेजल त्यांच्या अगदी जवळ उभी होती. त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. कपाळावर, केसांच्या कडेला, घामाची बारीक ओळ उगवली. तीन अक्षरं होती. तिने ती हजारदा उच्चारली होती, स्पर्धेत तर नावापुढे थांबून, जोर देऊन. तिला ती आत्ताही बोलता आली असती. बोलायलाच ती पुढे झाली होती.

"आणि हो, पत्ता मुलुंडचाच ना?" बाई म्हणाल्या. "कधी कधी चौकशीचं पत्र येतं घरी. घाबरायचं नाही त्यात काही."

फोन थरथरला. स्क्रीनवर श्वेताचा फोटो होता.

"एक मिनिट," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

पस्तीस झाला, छत्तीस झाला. बाईंनी कागद बाजूला सरकवून ठेवले, म्हणाल्या, येऊ दे सावकाश. चाळीस झाल्यावर तेजल कागद परत फाइलमध्ये घालून बाहेर आली.

ते गेटपाशी उभे होते, रस्त्याकडे तोंड करून. फोन केव्हाच बंद झालेला, हातात तसाच. तिला वाटलं, कुणाशी तरी बोलतायत. जवळ गेल्यावर दिसलं, नुसतेच ओठ हलत होते. सा म्हणायचे आणि थांबायचे. सा म्हणायचे आणि थांबायचे. शाळेतल्या पोराने बाकावर उभं राहून कविता आठवावी तसे.

तिची चाहूल लागली तेव्हा ते वळले. डोळे लाल झाले होते.

"बाळा, नाही येत," ते म्हणाले. "मी खरंच... नाही येत गं."

त्यांनी रिक्षाला हात केला. रिक्षा थांबली, ते बसले. तेजलचा आवाज अख्ख्या मरोळ नाक्याला ऐकू जाईल असा होता. ती ओरडू शकली असती. पण ओरडून त्यांना हाक कुठल्या नावाने मारायची होती? रिक्षा सिग्नलला वळली. लाल फाइल तिच्याच काखेत राहिली होती. तिच्यात सगळं होतं, दाखला, राजपत्र, ओळखपत्राची झेरॉक्स. सही तेवढी नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी साडेचारला तिने लॅपटॉप उघडला. आत्याने रात्रीपासून मुलुंडला सोळा फोन केले होते. शेवटी पप्पांनी तिच्या हातातून मोबाइल काढून घेतला. "सोड, शीतल. त्यालाही झोप लागली नसेल."

"तू पुन्हा त्याचीच बाजू घे!"

"हो," पप्पा म्हणाले. "आज घेतो."

दोघं भावंडं एका सतरंजीवर पाठीला पाठ लावून बसली.

तेजलने तो चौकोन बदलला. खुला प्रवर्ग. सराव परीक्षेत तिचा नंबर अकराशे चाळीस आला होता. खुल्या जागा होत्या पंचावन्न. तिचं गणित बरं होतं, त्यामुळे स्वतःला फसवायची सोय नव्हती.

"होईल तुझं त्यातनंच," मम्मी म्हणाली. "तुला काय कमी आहे?"

"हो गं. होईल ना," तेजल म्हणाली. निबंधाची पहिली ओळ तिने एकदा वाचली, जिथे कुणी कुणाला तुम्ही कोण म्हणून विचारत नाही ती. मग ती ओळ तिने काढून टाकली. दुसरी सुचेना. पाचला सात मिनिटं असताना तिने निबंध तसाच, डोकं उडवलेला, पाठवून दिला.

फॉर्म मिळाल्याचा निरोप स्क्रीनवर आला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"तेजू," आजीने हाक मारली. "तो कागद आण. परवा वाचलेला."

"कुठला? वंशावळ? आजी, तिचा आता काही उपयोग नाही गं. फॉर्म गेला."

"उपयोगाला कुणी मागितला? आण. आन् पेन आण."

तेजल आजीजवळ जमिनीवर बसली. फुलस्केप मांडीवर पसरला.

"दोन खोड," आजी म्हणाली. "तीन कर."

तिने दोन खोडलं, तीन केलं.

"आता पयला लिही. धम्माच्या आधी. तो चार वर्सांनी थोरला हाय."

जागा थोडी होती. तेजलने बारीक अक्षरात लिहिलं, कुंडलिक. आडनावापाशी पेन थबकलं. तिने आजीकडे पाहिलं. आजीला अक्षर येत नव्हतं, पण पेन थांबलेलं कळत होतं.

"नुसतं नाव असू दे," आजी म्हणाली. "मी आडनाव न्हवतं जन्माला घातलं."

मग तेजलने कुंडलिकच्या खाली एक उभी रेघ ओढली आणि न विचारताच लिहिलं, श्वेता. शेजारी, धम्मपालच्या रेघेखाली, ती स्वतः होती.

आजीने कागद हातात घेतला. नावांवरून बोट फिरवलं, एक, दोन, तीन, आणि खालच्या दोन. कुठलं नाव कुणाचं ते तिने विचारून घेतलं, पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग सावकाश कागदाची घडी घातली, उभी एक, आडवी एक, बरोबर शर्टाच्या खिशात मावेल एवढी. आणि घडी हातात धरून ती तशीच बसून राहिली, कारण तो कागद ठेवायचा खिसा आता घरात नव्हता.